बंधपत्राचं वर्ष संपलं, आता खेड्यातच बसावं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे वाचणाऱ्यांनाही उत्तर कशाचं आहे ते कळेल. एमबीबीएस झालं, बंधपत्रित सेवेचं वर्ष डोंगराळ भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात संपत आलंय. पीजीला हवी ती शाखा मिळाली नाही. गावातले लोक म्हणतात, "मॅडम, हितंच दवाखाना टाका." घरचे म्हणतात, हिला वेड लागलंय. आणि तुम्हाला स्वतःला तीन शंका आहेत: ज्ञान गंजेल का, पोट भरेल का, आणि बाईमाणसाला एकटीने निभेल का.

मी सुरुवातीला चार वर्षं सरकारी वैद्यकीय अधिकारी होते. नंतर त्याच तालुक्यात स्वतःचा दवाखाना काढला, त्याला आता सत्तावीस वर्षं होतील. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरचं गाव. जिल्ह्याचं ठिकाण पंचावन्न किलोमीटर, मध्ये एक घाट. लोक मला "डॉक्टरीणबाई" म्हणतात, नुसतं "बाई"ही म्हणतात. माझं उत्तर आहे, बसा. पण लगेच बसू नका. सहा महिने, जमलं तर वर्षभर, एखाद्या गर्दीच्या रुग्णालयात कॅज्युअल्टीच्या, म्हणजे तातडीच्या विभागाच्या, पाळ्या करा. का, ते एका पोराच्या गोष्टीवरून सांगते.

श्रावणातली पहाट, पाच वाजले असतील. वरच्या वाडीवरून अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन आईबाप आले. पोटात दुखतंय, दोनदा उलटी झाली. आई म्हणाली, "राती सणाचं जास्त खाल्लं, बाई. आता नुसता झोपतोय." अंगावर कुठे खूण नाही, सूज नाही, ताप नाही. मीही अर्धवट झोपेत होते आणि हात पॅन्टोप्रॅझोलच्या, म्हणजे ॲसिडिटीच्या, इंजेक्शनकडे गेला होता. तेवढ्यात त्याला म्हटलं, "बाळा, वर बघ." त्याने कपाळाला आठ्या घातल्या, भुवया वर गेल्या, पण पापण्या वर गेल्या नाहीत. डोळे उघडायला तो कपाळ वापरत होता. मी विचारलं, रात्री झोपला कुठे? जमिनीवर, गोधडी टाकून. पावसाळा, जमिनीवरची झोप, पहाटेची पोटदुखी, मिटणाऱ्या पापण्या. हा मण्यार सापाचा दंश होता. मण्यारचा दात इतका बारीक की झोपेत कळतही नाही आणि सकाळी सापडतही नाही.

सर्पविष प्रतिबंधक लशीच्या दहा कुप्या सुरू केल्या. मूल असलं तरी मात्रा तीच. साप लहान मूल बघून कमी विष सोडत नाही. शेजारी ॲड्रेनलिन भरून ठेवलं, कारण लशीचीच रिॲक्शन आली तर मिनिटं मोजायलाही वेळ नसतो. पण मण्यारच्या विषाने मज्जातंतूंची टोकं एकदा बाधली की लस ती सोडवून देत नाही. निओस्टिग्मिन या औषधाचा नागाच्या दंशात छान उपयोग होतो, मण्यारच्या दंशात फारसा भरवसा नाही. अशा वेळी रुग्णाला वाचवतो तो श्वास. श्वासाचे स्नायू परत जागे होईपर्यंत कुणीतरी त्याच्यासाठी श्वास घ्यायचा असतो. घाट लागला तोवर त्याने मान टाकली होती. पंचावन्न किलोमीटर मी अँबू बॅग, म्हणजे हाताने श्वास देणारी पिशवी, दाबत गेले, मी थकले की माझी नर्स, ती थकली की मी. जीपमध्ये पाय मुडपून. बाप पुढे बसून दर दोन मिनिटांनी मागे वळून विचारायचा, "हाय ना?" पोरगा चार दिवस व्हेंटिलेटरवर होता. आता तो पिकअप चालवतो आणि माझ्याकडून कधी भाडं घेत नाही.

या सगळ्यात औषधशास्त्राचं ज्ञान पाच टक्के होतं. बाकी सगळं होतं, "हा पोरगा इथे ठेवायचा नाही, आणि पाठवायचा तर असा एकटा पाठवायचा नाही" हे दहा मिनिटांत ठरवणं. खेड्यातल्या डॉक्टरची अख्खी कारकीर्द मला विचाराल तर या एका प्रश्नाभोवती फिरते: ठेवायचं की पाठवायचं? शहरातल्या डॉक्टरला तो पडत नाही, कारण त्याच्यासाठी "पाठवणं" म्हणजे तिसरा मजला. आपल्यासाठी तो घाट आहे, रात्र आहे, गाडीचं डिझेल आहे आणि बैल विकायचा की नाही हा त्यांच्या घरातला वाद आहे.

म्हणून कॅज्युअल्टी करा म्हणते. अँबू धरणं, नळी घालणं, ईसीजी वाचणं, साधं बाळंतपण, वार अडकली तर काय करायचं, बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटात काय करायचं, हे हाताला यायला हवं. डोळ्यात गेलेलं भाताचं कूस काढणं, कानातला हरभरा काढणं, गळू फोडणं, मनगटाला प्लास्टर हेही यायला हवं. लोकांचा विश्वास या बारक्या कामांवर बसतो. ज्याच्या डोळ्यातलं कूस तुम्ही न दुखवता काढलंत, तो पुढे त्याच्या बायकोच्या रक्तदाबाबद्दल तुमचं ऐकतो.

सापाबद्दल अजून एक, कारण ते पुस्तकात वाचून हाताला येत नाही. घोणस आणि फुरसं यांच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. ते कळायला कुठली महागडी तपासणी लागत नाही. काचेची स्वच्छ, कोरडी नळी घ्या, दोन-तीन मिली रक्त घाला आणि वीस मिनिटं हात न लावता उभी ठेवा. मग एकदा आडवी करा. रक्त ओघळलं तर लस सुरू. नळी साबणाने धुतलेली नको, प्लॅस्टिकची नको, नाहीतर चांगलं रक्तही गोठणार नाही आणि तुम्ही उगाच घाबराल. आणि त्या वीस मिनिटांत नातेवाईक नळी उचलून बघणार नाहीत याची काळजी घ्या. ते बघतातच. मी नळी कपाटावर ठेवते आणि खाली स्टूलवर त्यांच्यातल्याच एका म्हाताऱ्याला राखण बसवते.

आता ज्ञान गंजण्याचं. गंजतं ते खेड्यामुळे नाही, मोजायचं सोडल्यामुळे. उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. कोकणात लाल विंचू चावला की लोक घाम, गार हातपाय, उलट्या आणि शेवटी फुप्फुसात पाणी होऊन जात. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात रायगड जिल्ह्यातल्या महाड तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्रावर होते. ते या रुग्णांच्या उशाशी बसले, नाडी, रक्तदाब आणि घाम यांच्या नोंदी करत राहिले. १९८२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांची निरीक्षणं आली. विष थेट मारत नाही, विषामुळे शरीरातच अॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचं वादळ उठतं आणि हृदय दमतं हे लक्षात घेऊन त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरली. १९८६ साली तेही 'लॅन्सेट'मध्ये आलं. ज्या दंशात गंभीर रुग्णांपैकी जवळपास तीन-चारांतला एक जायचा, तिथे मृत्यू काही टक्क्यांवर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, पण माझ्यासारखीला त्यांचं देणं म्हणजे कपाटातली ती गोळी. माझ्या पहिल्या पावसाळ्यात मी ती तीन जणांना दिली. तिन्ही चालत घरी गेले.

तसंच गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' संस्था सुरू केली. नवजात बाळं रुग्णालयात पोचतच नाहीत हे बघून त्यांनी गावातल्याच बायकांना बाळाचं वजन, तापमान, श्वास मोजायला आणि गरज पडली तर जंतुसंसर्गाचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात ३९ गावांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरलेला दिसला. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून हेच केलं होतं: अक्षरओळख नसलेल्या बायकांच्या हाती गावाचं आरोग्य दिलं. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानात आलेली आशा ताई काही आकाशातून पडलेली नाही, ती या वाटेने आली. तुमच्या केंद्रातल्या आशांशी तुमचं कसं आहे ते मला माहीत नाही. पण इथे बसायचं असेल तर त्यांच्याशी पहिल्या दिवसापासून नीट राहा. कुठल्या घरात सुनेला पाचवा महिना लागलाय आणि सासू तिला दवाखान्यात पाठवत नाहीये, हे तुम्हाला त्यांच्याशिवाय कुणीही सांगणार नाही.

तुम्ही 'लॅन्सेट'मध्ये लिहायलाच पाहिजे असं नाही. मी नाही लिहिलं. पण वही ठेवा. मी पहिली दहा वर्षं ठेवली नाही आणि त्याचा मला आजही पस्तावा आहे.

पस्तावा म्हटल्यावर दुसरी गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती सांगितल्याशिवाय "बसा" म्हणणं हे लबाडीचं होईल. दवाखान्याचं तिसरं वर्ष. बेचाळीस वर्षांचा शेतकरी, दुपारी आला. वरच्या पोटात जळजळ, ढेकर येतात. मी त्याला पिढ्यानपिढ्या ओळखते अशी माझी समजूत. तंबाखू खातो, रिकाम्या पोटी चहा पितो. रॅनिटिडीन दिलं, जेवून झोप म्हटलं. तो झोपला तो उठलाच नाही. हृदयविकार होता. माझ्याकडे तेव्हा ईसीजीचं यंत्र नव्हतं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. पण खरं हे की मी त्याची नाडीही पूर्ण मिनिट मोजली नव्हती, कारण बाहेर पंचवीस जण बसले होते.

कुणी काही बोललं नाही. दगडफेक नाही, पोलीस नाहीत. त्याची बायको दर मंगळवारी बाजाराला माझ्या दवाखान्यावरून जायची. दोन वर्षं ती मान खाली घालून गेली. तिसऱ्या वर्षी मुलीला ताप आला तेव्हा तिला घेऊन आत आली आणि बाकावर बसून राहिली. मी तपासलं, औषध दिलं. फी घेतली, कारण न घेणं म्हणजे तिला काहीतरी आठवून देणं झालं असतं. शहरात तुमची चूक फाईलमध्ये जाते. इथे ती समोरच्या गल्लीत राहते, पंचायतीला मतदान करते, तिच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका तुम्हाला येते. हे ज्याला सहन होणार नाही त्याने खरंच येऊ नये. त्यात कमीपणा काही नाही.

त्या महिन्यात कर्ज काढून ईसीजीचं यंत्र घेतलं. चाळिशीच्या पुढचं कुणीही जबड्यापासून बेंबीपर्यंत कुठेही दुखतंय म्हणालं की आधी ईसीजीची पट्टी काढायची, मग बोलायचं. आता तर पट्टीचा फोटो दोन मिनिटांत जिल्ह्याच्या हृदयतज्ज्ञाकडे जातो, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल मी फोनवर असतानाच दिलेलं असतं. मी सुरुवात केली तेव्हा गावात एक फोन होता आणि तोही पोस्टात.

पाठवण्याबद्दल थोडं अजून, कारण हे कॉलेजात कुणी शिकवत नाही. "पुढे न्या" म्हटलं आणि तुमचं काम संपलं, असं नसतं. तिथून पुढे घरच्यांची चर्चा सुरू होते, आणि मी ती पाऊण तास चाललेली पाहिली आहे. त्यात कर्ता कोण ते आधी ओळखा. बोलतो तो कर्ता नसतो बऱ्याचदा. कोपऱ्यात तंबाखू मळत गप्प बसलेला चुलता असतो. त्याच्याशी बोला, आणि त्याला तीनच गोष्टी सांगा: काय झालंय, न नेल्यास काय होईल, आणि पैशाचं कसं. तिसरी गोष्ट ठाऊक असणं हे डॉक्टरचंच काम आहे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत आली, पुढच्या वर्षी राज्यभर. आता ती महात्मा फुले जनआरोग्य योजना म्हणून चालते. कुठलं रुग्णालय योजनेत आहे, कुठल्या आजाराला लागू होते, रेशनकार्ड बरोबर घ्या, ही वाक्यं मी औषधाच्या आधी उच्चारते. "कार्ड घेतलं का" हे ऐकलं की चुलत्याचा चेहरा बदलतो.

२०१४ पासून १०८ ची गाडी आहे, ती आल्यापासून माझ्या आयुष्यातली निम्मी भीती गेली. पण पावसाळ्यात दरड कोसळली की ती घाटाच्या पलीकडे अडकते. म्हणून गावातल्या दोन जीपवाल्यांशी संबंध चांगले ठेवा.

चिठ्ठी लिहा. नीट लिहा, वाचता येईल अशी. किती वाजता आला, काय दिलं, किती दिलं, किती वाजता दिलं. कीटकनाशक प्यायलेल्या माणसाला मी ॲट्रोपिन देऊन पाठवते तेव्हा एकूण किती ॲम्प्यूल गेल्या, छातीतली घरघर कधी थांबली, हे चिठ्ठीत नसेल तर पुढचा डॉक्टर शून्यापासून सुरू करतो. आणि निघताना पुढे फोन करा. एकदा एका मोठ्या रुग्णालयात माझी चिठ्ठी न वाचताच नातेवाइकाच्या हातात परत दिली गेली, "गावठी डॉक्टरचं काय वाचायचं" म्हणून. तेव्हापासून मी चिठ्ठीच्या आधी फोन करते, आणि फोन उचलणाऱ्याचं नाव चिठ्ठीवर लिहिते. मग वाचतात.

इथे "कट"चाही विषय येतो. तुम्ही बसल्यावर सहा महिन्यांत कुणीतरी इस्त्रीच्या शर्टातला माणूस येईल, आधी डायरी आणि पेनं देईल, मग दिवाळीला पाकीट. पेशंट आमच्याकडे पाठवा, एवढंच म्हणणं. एकदा ते पाकीट घेतलंत की "ठेवायचं की पाठवायचं" या प्रश्नाचं उत्तर दुसरंच कुणीतरी द्यायला लागतं. मी पहिलं पाकीट परत केलं तेव्हा खूप शूर वाटलं. खरं म्हणजे मला रक्कम कमी वाटली असती तर बरं झालं असतं, पण ती माझ्या दोन महिन्यांच्या कमाईएवढी होती.

पैशाचं मग सरळच सांगते. सुरुवातीची माझी फी दहा रुपये होती, औषधासकट. आज शंभर. उधारीची वही आहे, ती पावसाळ्यात भरते आणि सुगीला रिकामी होते. माझ्या बरोबरच्या स्त्रीरोगतज्ज्ञ मैत्रिणीने शहरात एका वर्षात जे कमावलं ते मला सात-आठ वर्षांत मिळालं असेल. पण घर झालं, दवाखाना झाला, मुलगा शिकला. खर्च करायला जागाच नाही हा खेड्याचा मोठा फायदा. पोट भरेल का, तर भरेल. शहरातल्या बॅचच्या मेळाव्याला गेलात की मात्र पार्किंगमध्ये थोडं लाजल्यासारखं होईल.

उत्पन्नाला खरी चाट बसते ती सुई आणि सलाईनच्या बाटलीमुळे. मी विनाकारण सुई मारत नाही हे कळल्यावर पहिल्या वर्षी निम्मी ओपीडी शेजारच्या गावातल्या बोगस माणसाकडे गेली. त्याच्याकडे एक डेक्साचं, म्हणजे स्टेरॉइडचं, इंजेक्शन आणि एक लाल रंगाचं. दोन्ही टोचली की दोन दिवस माणूस घोड्यासारखा. आणि बाटलीचा हट्ट तर असा:

"बाई, अंगात तरतरी नाय. येक बाटली लावा की."

"आजी, बाटलीत काय असतं माहितीये? मीठ आणि पाणी."

"असूंदे. नळीतनं गेलं की गुण येतो."

ही आजी हुशार होती. तिच्यासमोर मी १९७१ ची गोष्ट सांगायचे. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली होती, सलाईनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून पिंपांतून प्यायला दिलं. शंभरातले तीस मरायचे, ते चारच्या आत आले. आजीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग त्यांच्याकडं बाटल्या संपल्या व्हत्या. तुमच्याकडं हायेत की." या युक्तिवादाला माझ्याकडे अजूनही उत्तर नाही. पण तिच्या नातवाला जुलाब लागले तेव्हा ती वाटी-चमचा घेऊन रात्रभर जलसंजीवनी पाजत बसली, हेही खरं.

बाईमाणसाचं. बाई डॉक्टर म्हणून तुम्हाला एक मोठी सोय आहे: निम्मं गाव जे पुरुष डॉक्टरला कधीच सांगत नाही ते तुम्हाला सांगेल. अंगावरून जाणं, मूल न होणं, नवऱ्याचं मारणं, सुनेचं रात्री अचानक हातपाय वाकडे होणं, ज्याला घरचे "बाहेरचं" म्हणतात. त्या सुनेशी दाराआड दहा मिनिटं बोलायचं असतं, आणि सासूला तेवढा वेळ रक्तदाब मोजायला बसवायचं असतं. मांत्रिकाशी मी भांडत नाही. त्याला सांगून ठेवलंय, तुझा अंगारा लाव, पण ताप असेल, झटका असेल, साप असेल तर अंगारा गाडीत लाव. तो खरंच पाठवतो. गेल्या पावसाळ्यात दोन पाठवले.

रात्रीच्या हाकेला एकटी जाऊ नका. माझे मिस्टर जिल्हा परिषद शाळेत शिक्षक होते. बॅटरी घेऊन ते बरोबर यायचे, ओसरीवर बसून घरातल्या पोरांचे पाढे घ्यायचे. ते नसते तर मी इतकी वर्षं टिकले असते असं वाटत नाही. तुम्ही लग्न कुणाशी करता हा तुमचा प्रश्न, पण "तुझं ते खेडं सोड" हे वाक्य ज्याच्या मनात आत्ताच आहे, त्याला पुढे ते सुचणारच. मारहाणीची भीती विचारलीत. २०१० चा कायदा आहे, डॉक्टरवरचा हल्ला अजामीनपात्र आहे, तो फलक भिंतीवर लावा. पण मला कायद्यापेक्षा उपयोगी पडली ती एकच सवय: माणूस गेला की ते मी स्वतः बाहेर येऊन सांगते, उभ्याने नाही, त्यांच्याशेजारी बाकावर बसून.

मुलाचं मात्र अवघड झालं. पाचवीपासून त्याला बाहेर शिकायला ठेवावं लागलं. सुट्टीत यायचा तेव्हा एकदा म्हणाला, "आई, तू मला पण नंबर लावायला सांगशील." विनोद होता. मी हसले नाही. तो आता संगणकाचं काम करतो, डॉक्टर व्हायचा विचार त्याने एकदाही केला नाही, आणि का केला नाही ते मी विचारलेलं नाही.

सरकारी नोकरीतच राहावं का, हेही तुम्ही विचारलंय. डोंगराळ भागात एका प्राथमिक आरोग्य केंद्रामागे २० हजार लोकसंख्येचा निकष आहे, मैदानी भागात ३० हजारांचा. लोकांचं म्हणाल तर तिथून जास्त लोकांपर्यंत पोचता येतं. लस, औषधं, आशा, गाडी सगळं हाताशी. पण शवविच्छेदन, कोर्टाची तारीख, ऑनलाइन अहवाल आणि बैठका यांत निम्मा आठवडा जातो. बदली होते ती नेमकी लोक ओळखीचे झाल्यावर. मी चार वर्षांत सोडलं, माझी मैत्रीण तीस वर्षं टिकली आणि तिने तालुक्याचं लसीकरण माझ्यापेक्षा शंभरपट सुधारलं. इथे बरोबर-चूक नाही, तुमचा कागदांबद्दलचा संयम किती यावर आहे.

शेवटची, तुम्ही जाता जाता विचारलेली गोष्ट: जागा कुठे घ्यावी. देवळाजवळ नको, पाटलाच्या वाड्यात फुकट मिळते तीही नको, नंतर महाग पडते. एसटी थांबते तिथे, रस्त्याला लागून, पायऱ्या नसलेली. आणि दार चार फुटांचं करून घ्या. माझं पहिलं अडीच फुटांचं होतं. वाडीवरची माणसं बांबूला घोंगडी बांधून झोळीतून बाळंतिणीला आणायची, तीन तास डोंगर उतरून, आणि झोळी दारातच अडकायची. मग तिला भर पावसात उंबऱ्यावर उतरवून, दोघांच्या खांद्यावर हात टाकून, चालवत आत घ्यावं लागायचं. दुसऱ्या पावसाळ्याच्या आधी गवंड्याला बोलावून भिंत फोडली.